‘तेव्हाची पिस्तुलं अस्सल होती’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मजकूर माझ्याकडे पाच वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. वर क्लिंट ईस्टवूडचा रिव्हॉल्व्हर रोखलेला फोटो, खाली लांबलचक लिखाण आणि शेवटी ‘जुन्या सिनेमाचे खरे चाहते असाल तर पुढे पाठवा’. त्याचा सारांश असा: आजच्या अ‍ॅक्शनपटांत सगळं कॉम्प्युटरवर रंगवलेलं असतं. ‘डर्टी हॅरी’, जेम्स बाँड, ‘टर्मिनेटर’, ‘डाय हार्ड’ यांच्या जमान्यात मात्र पिस्तुलं अस्सल, आवाज अस्सल, गोळी लागल्यावर होणारा परिणामही अस्सल. पुरावा म्हणून आठ मुद्दे दिलेत. हॅरीचं रिव्हॉल्व्हर जगातलं सर्वांत ताकदवान आणि त्याच्या गोळीने माणूस मागे फेकला जातो. बाँडचं वॉल्थर ब्रिटिश गुप्तचर खात्याने पारखून निवडलेलं, कधीही दगा न देणारं. सायलेन्सर लावला की फक्त ‘फुस्स’. ग्लॉक विमानतळावरच्या यंत्रात दिसत नाही. डेझर्ट ईगल हे इस्राएली कमांडोंचं पिस्तूल. टर्मिनेटरचं लेझरवालं पिस्तूल तेव्हा दुकानात मिळायचं. नायक गोळ्या मोजून झाडायचे. आणि इतकी खरी हत्यारं हाताळूनही सेटवर कुणाला ओरखडा उमटला नाही, कारण ‘तेव्हाची माणसं शिस्तीची होती’.

हा शेवटचा मुद्दा वाचला आणि गप्प बसवेना.

हे सिनेमे माझेही लाडके आहेत. भाड्याच्या कॅसेटवर, फीत घासून चित्रावर रेघा उमटेपर्यंत पाहिलेत. शिवाय अकरा वर्षं मी दहा मीटर एअर पिस्तूल मारतोय. म्हणजे दारूगोळ्याचं नव्हे, छऱ्याचं पिस्तूल. पण हात लांब करून, एका हातात धातूचा तुकडा स्थिर धरायचा म्हणजे काय, ते खांद्याला माहीत आहे. आमच्या रेंजवर पहिल्याच दिवशी नेम शिकवत नाहीत. आधी एक नारिंगी रंगाची प्लॅस्टिकची तार हातात देतात आणि ती पिस्तुलाच्या नळीतून आरपार कशी घालायची ते शिकवतात. पिस्तूल टेबलावर असेल तेव्हा तार नळीत हवीच. तारेचं टोक पुढून बाहेर आलेलं दिसलं की नळी रिकामी आहे हे लांबूनही कळतं. या तारेकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता हॅरी, म्हणजे ‘डर्टी हॅरी’मधला ईस्टवूडने रंगवलेला सॅन फ्रान्सिस्कोचा पोलीस. त्याच्या हातातलं हत्यार म्हणजे स्मिथ अँड वेसनचं मॉडेल २९, .४४ मॅग्नम काडतुसाचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. हे काडतूस १९५५-५६ च्या सुमाराला बाजारात आलं. त्यामागे एल्मर कीथ नावाच्या अमेरिकी शिकारी-लेखकाचा ध्यास होता. जुन्या .४४ स्पेशल काडतुसात जास्त दारू भरून तो वर्षानुवर्षं प्रयोग करत होता आणि कारखान्यांच्या मागे लागला होता. डॉन सीगलचा ‘डर्टी हॅरी’ आला १९७१ साली. त्यात हॅरी जखमी दरोडेखोराला जे ऐकवतो, की हे जगातलं सर्वांत ताकदवान हँडगन आहे, ते त्या वर्षी दुकानात सहज मिळणाऱ्या रिव्हॉल्व्हरांपुरतं बोलायचं तर बरोबर होतं. पण डिक कॅसल आणि जॅक फुलमर यांनी पन्नाशीच्या दशकाच्या शेवटीच .४५४ कॅसल हे त्याहून जबर काडतूस घरच्या कार्यशाळेत बनवून ठेवलं होतं. ते १९८३ साली रीतसर विक्रीला आलं. आणि २००३ साली खुद्द स्मिथ अँड वेसननेच .५०० मॅग्नम काढलं. त्याच्या गोळीची ऊर्जा हॅरीच्या गोळीच्या दुपटीच्या आसपास भरते. एका पात्राच्या तोंडची पन्नास वर्षांपूर्वीची वल्गना ‘जगातलं सर्वांत ताकदवान आहे’ अशी वर्तमानकाळात पुढे ढकलण्यात काय अर्थ आहे?

त्या मजकुरात असंही म्हटलंय की सॅन फ्रान्सिस्कोचे पोलीस खरोखर हेच रिव्हॉल्व्हर बाळगायचे. त्या काळात अमेरिकी पोलिसांच्या कमरेला सर्रास असायचं ते .३८ स्पेशल, फार तर .३५७ मॅग्नम, दोन्ही हॅरीच्या काडतुसापेक्षा कमी जोराची. मॉडेल २९ रिकामं असतानाच सव्वा किलोच्या वर जातं. माझं एअर पिस्तूल किलोभराच्या आतलं आहे आणि त्याला धक्का जवळजवळ नाहीच. तरीही स्पर्धेत पंच्याहत्तर मिनिटांत साठ नेम मारायचे असतात, तेव्हा चाळिसाव्यानंतर समोरचा निशाणाचा काळा ठिपका आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, एका जागी ठरत नाहीत. हॅरी मात्र तोंडातला हॉट डॉग चघळत रस्त्यावर येतो आणि धावत्या गाडीला टिपतो. आणि गंमत म्हणजे हे ओझं सिनेमावाल्यांनाही ठाऊक होतं. १९७३ च्या दुसऱ्या भागात, ‘मॅग्नम फोर्स’मध्ये, चांदमारीच्या वेळी सहकाऱ्याने विचारल्यावर हॅरी स्वतःच सांगतो की तो हलक्या भाराची काडतुसं वापरतो, म्हणजे ताबा राहतो. ज्या हॅरीचा दाखला देऊन हा दावा उभा केलाय, तो हॅरीच दोन वर्षांनी तो मागे घेतो.

मग हे रिव्हॉल्व्हर निवडलं का? ती साडेसहा इंची नळी पाहा. जमिनीवर पडलेल्या माणसाच्या नजरेतून कॅमेरा वर बघतो, पुढे नळीचं भोक, मागे ईस्टवूडचा चेहरा. आखूड नळीच्या .३८ ने ही चौकट भरली नसती. हा डोळ्यांचा निर्णय होता आणि अप्रतिम होता. त्याला पोलिसी वास्तवाचा आधार जोडायची गरज नाही.

गोळीने माणूस मागे फेकला जातो, हा समज सगळ्यांत खोल रुतलेला आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. .४४ मॅग्नमची नेहमीची गोळी साधारण साडेपंधरा ग्रॅमची. रिव्हॉल्व्हरच्या नळीतून ती सेकंदाला चारशेवीस मीटरच्या आसपास वेगाने निघते. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, आठवी-नववीत शिकलेला. तो येतो सुमारे साडेसहा. आता क्रिकेटचा चेंडू घ्या. वजन १६० ग्रॅम, वेग ताशी १४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३९ मीटर. संवेग सव्वासहा. जवळजवळ तेवढाच! वेगवान गोलंदाजाचा चेंडू छातीवर बसलेला फलंदाज आपण किती वेळा पाहिलाय. तो कळवळतो, वाकतो, कधी बसतोही. यष्ट्या मोडून यष्टिरक्षकाच्या अंगावर जाऊन पडत नाही. सत्तर किलोच्या माणसाला हॅरीची अख्खी गोळी अंगात थांबली तरी मागे मिळणारा वेग सेकंदाला दहा सेंटीमीटरही नसतो. आपण रमतगमत चालतो ते याच्या दहापट वेगाने. शिवाय जेवढा धक्का गोळी खाणाऱ्याला, निदान तेवढाच झाडणाऱ्यालाही. समोरचा काच फोडून रस्त्यावर पडणार असेल, तर हॅरीनेही मागे उडायला हवं.

गोळी जीव घेते ती ढकलून नव्हे. तिची ऊर्जा चेंडूच्या दहापटीहून जास्त असते आणि ती बोटाएवढ्या जागेत उतरते. त्यामुळे ऊती फाटतात, रक्त जातं. माणूस बहुतेक वेळा जागच्या जागी कोसळतो, कधी काही पावलं चालतोही.

पडद्यावरचं ते उडणं केलं कसं जातं, हे सांगितलं तर त्या माणसांचं कौतुकच वाढतं. कपड्याखाली एक पट्टा, पट्ट्याला तार, तारेच्या दुसऱ्या टोकाला ओढणारे लोक किंवा यंत्र. शर्टाखाली छोटासा स्फोटक तुकडा आणि लाल द्रवाची पिशवी. खूण मिळाली की स्फोट आणि हिसका एकाच क्षणी. याचं फार गाजलेलं सुरुवातीचं उदाहरण १९५३ च्या ‘शेन’ या वेस्टर्नमधलं आहे. जॅक पॅलन्स चिखलाच्या रस्त्यावर एलिशा कुक ज्युनियरला गोळी घालतो आणि कुक मागच्या मागे चिखलात जाऊन पडतो. त्याला तारांनी ओढलं होतं. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या चित्रीकरण पथकात होते, डाखाऊची छळछावणी मुक्त झाली तेव्हा तिथे त्यांचा कॅमेरा होता. माणसं मरताना पाहिलेल्या त्या गृहस्थाला, गोळी लागली की छातीवर हात ठेवून हळूच लवंडणारे नट नको होते. प्रेक्षकाच्या पोटात गोळा यायला हवा होता. त्यासाठी त्यांनी भौतिकशास्त्राला धाब्यावर बसवलं. नंतरच्यांनी तार उचलली, मनातली ती कळकळ सगळ्यांनी उचलली असं नाही.

बाँडच्या पिस्तुलाची गोष्ट तर पार वेगळी आहे. कादंबऱ्यांमध्ये इयान फ्लेमिंगने बाँडला आधी .२५ ची चिमुकली बेरेटा दिली होती. १९५६ साली ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड नावाच्या शस्त्रप्रेमी वाचकाने लेखकाला पत्र लिहून कळवलं की हे बायकांच्या पर्समधलं पिस्तूल आहे, तुमच्या नायकाला शोभत नाही. त्याने स्वतः सुचवलं होतं ते खरं तर रिव्हॉल्व्हर, पण पत्रव्यवहारातून वॉल्थर पीपीके पुढे आलं आणि १९५८ च्या ‘डॉ. नो’ कादंबरीत बाँडच्या हाती पडलं. फ्लेमिंगने कृतज्ञता म्हणून पिस्तूल देणाऱ्या अधिकाऱ्याचं नावच मेजर बूथरॉइड ठेवलं. तेव्हा ‘ब्रिटिश गुप्तचर खात्याने पारखून निवडलं’ याऐवजी ‘एका जागरूक वाचकाने पत्र टाकलं’ असं म्हणा. माझ्या मते ही हकिगत त्या दंतकथेपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

१९६२ च्या सिनेमात तो प्रसंग जसाच्या तसा आहे. मेजर बूथरॉइड मोठ्या रुबाबात पीपीकेचं वर्णन करतो आणि हातात ठेवतो ते मात्र पीपी, म्हणजे त्याच घराण्यातलं थोडं मोठं भावंड. मजकुरात ज्याला ‘पीपीकेचं खास लांब नळीचं रूप’ म्हटलंय, ते पोस्टरवरचं पिस्तूल तर दारूगोळ्याचं नाहीच. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’च्या प्रसिद्धीसाठी शॉन कॉनरीचे फोटो काढायचे होते आणि वॉल्थर आणायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. छायाचित्रकार डेव्हिड हर्न फावल्या वेळात छऱ्याच्या पिस्तुलाने नेमबाजी करायचा. त्याने आपलं वॉल्थर एलपी-५३ काढून कॉनरीच्या हातात दिलं. नंतर चित्रावर हात फिरवून नळी आखूड करायची असं ठरलं होतं, ते राहून गेलं. गालाशी टेकवलेली ती लांब नळी जगभर बाँडची खूण होऊन बसली, आणि ती होती ४.५ मिलिमीटर छऱ्याची. आमच्या रेंजवर पोरं पत्र्याच्या डबीतून मोजून घेतात तेच छर्रे. २०१० साली लंडनच्या लिलावात हे पिस्तूल अडीच लाख पौंडांहून जास्त किमतीला गेलं. ज्या दिवशी हे समजलं त्या दिवशी रेंजवर जाऊन मी प्रत्येकाला थांबवून सांगितलं होतं.

‘कधीही दगा न देणारं’ आणि ‘राजघराण्याचे अंगरक्षकही तेच बाळगायचे’ या जोडवाक्यातला उत्तरार्ध खरा आहे, आणि तोच पूर्वार्धाला खोटं पाडतो. २० मार्च १९७४ च्या संध्याकाळी लंडनच्या मॉल रस्त्यावर इयान बॉल नावाच्या माणसाने राजकन्या अ‍ॅनच्या गाडीला आडवी गाडी घातली. अपहरण करायचा त्याचा बेत होता. अंगरक्षक जिम बीटन खाली उतरला. त्याला गोळी लागली, त्याने उलट एक गोळी झाडली आणि मग त्याचं पीपीके अडकलं. हातात निकामी पिस्तूल घेऊन तो राजकन्येच्या आणि बॉलच्या मध्ये उभा राहिला आणि एकूण तीन गोळ्या त्याने अंगावर घेतल्या. तो वाचला, राजकन्येलाही काही झालं नाही, बीटनला जॉर्ज क्रॉस हे ब्रिटनचं शौर्यपदक मिळालं. आणि अंगरक्षकांकडची ती पिस्तुलं काढून घेतली गेली. चांगलं पिस्तूलही अडकतं. बाँडचं अडकत नाही, कारण तसं पटकथेत लिहिलेलं नसतं. बीटनकडे पटकथा नव्हती.

सायलेन्सरच्या ‘फुस्स’बद्दल. हायरम पर्सी मॅक्सिमने गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात हे उपकरण बाजारात आणलं. नळीतून सुटणारा तप्त वायू कप्प्याकप्प्यांत अडवून हळूहळू सोडायचा, एवढंच त्याचं तत्त्व. मोटारीच्या सायलेन्सरसारखंच. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो. चांगला सायलेन्सर त्यातले वीस ते पस्तीस डेसिबल खातो. म्हणजे उरतात ढोबळमानाने १३०. आपल्याकडे फटाक्यांना चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. मोजमापाच्या पद्धती वेगवेगळ्या, तरी अंदाज यावा म्हणून सांगतो: सायलेन्सर लावलेलं पिस्तूल म्हणजे शेजारच्या अंगणात वाजलेला मोठा फटाका. हॉटेलच्या बाजूच्या खोलीत झोपलेला माणूस उठून बसेल. शिवाय गोळी ध्वनीपेक्षा वेगवान असेल तर तिच्या प्रवासात जो कडाका होतो, त्याला नळीवरचं कोणतंही उपकरण अडवू शकत नाही. आणि सायलेन्सर लावलेलं रिव्हॉल्व्हर पडद्यावर दिसलं तर समजावं की ते निव्वळ दिसायला आहे, कारण गोळ्यांचं चक्र आणि नळी यांच्यात फट असते आणि वायू तिथूनच फुटतो. ही फट बुजवणारं जुनं रशियन नागान रिव्हॉल्व्हर हा ठळक अपवाद.

‘डॉ. नो’मधलाच तो प्रसंग आठवा. प्राध्यापक डेंट अंधारात बाँडच्या पलंगावर सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाने गोळ्या झाडतो. बाँड मागे खुर्चीत बसलेला. डेंट पुन्हा चाप ओढतो, गोळी सुटत नाही, आणि बाँड थंडपणे सांगतो की ते स्मिथ अँड वेसन आहे आणि तुझ्या सहा गोळ्या संपल्या. संवाद कानात कोरला जातो. पण डेंटच्या हातात आहे कोल्टचं १९११ मॉडेलचं पिस्तूल, ज्याच्या मॅगझिनमध्ये सात गोळ्या मावतात आणि एक नळीत राहू शकते. बाँड ज्याने त्याला मारतो तेही वॉल्थर नाही, एफएनचं १९१० मॉडेल आहे. एका प्रसंगात दोन पिस्तुलं, दोन्ही चुकीची. आणि प्रसंग साठ वर्षांनंतरही अंगावर काटा आणतो! अस्सलपणा हीच जुन्या सिनेमाची ताकद असती, तर हा प्रसंग कधीच मेला असता.

ग्लॉकचा मुद्दा. ‘डाय हार्ड २’ (१९९०) मध्ये ब्रूस विलिस विमानतळावरच्या पोलीस अधिकाऱ्याला रागारागाने सांगतो की हल्लेखोराकडे ‘ग्लॉक ७’ होतं, जर्मन बनावटीचं, चिनी मातीचं, एक्स-रेत न दिसणारं, तुझ्या महिन्याच्या पगारापेक्षा महाग. या एका वाक्यातलं ‘ग्लॉक’ हे नाव सोडलं तर काहीही बरोबर नाही. ग्लॉक ७ नावाचं पिस्तूल कधी निघालंच नाही. कंपनी ऑस्ट्रियाची, व्हिएन्नाजवळच्या डॉइच-वाग्रामची. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक १७ स्वीकारलं. पडद्यावर दिसणारं पिस्तूलही ग्लॉक १७ च आहे. त्याची मूठ आणि सांगाडा पॉलिमरचा, म्हणजे टणक प्लॅस्टिकचा. नळी, वरची स्लाईड, स्प्रिंगा पोलादाच्या, म्हणजे वजनाचा बहुतांश भाग धातूच. आत काडतुसं असतील तर पितळ आणि शिसं वेगळंच. आणि सामानाच्या एक्स-रेत धातू नसलेल्या वस्तूही दिसतात, त्यासाठीच तर पडद्यासमोर माणूस बसवलेला असतो.

ही अफवा विलिसने जन्माला घातली नाही. जानेवारी १९८६ मध्ये जॅक अँडरसन आणि डेल व्हॅन अ‍ॅटा यांच्या वॉशिंग्टन पोस्टमधल्या स्तंभात लिबियाचा गद्दाफी ही ‘प्लॅस्टिकची’ पिस्तुलं विकत घेऊ पाहतोय असं छापून आलं आणि अमेरिकेत घबराट पसरली. संसदेत सुनावण्या झाल्या. १९८८ साली तपासणीत न सापडणाऱ्या बंदुकांवर बंदी घालणारा कायदाही झाला. म्हणजे सिनेमा आला तेव्हा प्रश्नाचा निकाल लागून दोन वर्षं झाली होती. तरी आज पस्तीस वर्षांनी मराठी ग्रुपवर तेच वाक्य फिरतंय, कारण ते विलिसने म्हटलंय आणि भन्नाट म्हटलंय.

डेझर्ट ईगलबद्दल थोडक्यात. मूळ कल्पना अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या मॅग्नम रिसर्चची, घडवणूक आणि सुरुवातीचं उत्पादन इस्राएलच्या सरकारी कारखान्यात. नावातला आणि कारखान्यातला इस्राएल खरा, पण हे त्या सैन्याचं नियमित पिस्तूल कधीच नव्हतं. दोन किलोच्या घरात जाणारा, थोडक्या गोळ्यांचा हा लोखंडी ठोकळा कुठला कमांडो कमरेला बांधून धावेल? १९८५ पासून सिनेमावाल्यांनी मात्र तो उचलून धरला, कारण पडद्यावर तो भरतो. कधी तोही भरत नाही: ‘रोबोकॉप’च्या (१९८७) वेळी पोलादी हातमोज्यात डेझर्ट ईगल खेळण्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा बेरेटा ९३आरवर सांगाडा चढवून नवीनच हत्यार घडवावं लागलं.

टर्मिनेटरच्या लेझरवर मी लहानपणी जीव टाकला होता. १९८४ च्या त्या सिनेमात अर्नोल्ड श्वार्झनेगर दुकानात जाऊन लेझरवालं लांब .४५ मागतो आणि दुकानदार म्हणतो की हे नुकतंच आलंय. म्हणून लोकांना वाटतं ते खरंच मिळत होतं. ते एएमटी कंपनीचं हार्डबॉलर पिस्तूल होतं आणि त्यावरचं लेझर कॅलिफोर्नियातल्या लेझर प्रॉडक्ट्स या कंपनीने, जी पुढे शुअरफायर म्हणून नावारूपाला आली, सिनेमासाठी खास बनवलं होतं. हेलियम-निऑनची नळी होती ती. पेटायला दहा हजार व्होल्ट, पेटती ठेवायला एक हजार. एवढी वीज पिस्तुलात मावणार कुठे? म्हणून वायर बाहीतून कोटात लपवलेल्या बॅटरीपर्यंत नेली होती. नायिका सेरा कॉनरच्या कपाळावर थांबणारा तो लाल ठिपका आठवतोय? त्यामागे एक वायर लपवत उभा असलेला नट आणि रात्र जागून ती जोडणारी माणसं होती. दुकानातून विकत आणलेल्या वस्तूपेक्षा हे मला शंभरपट मोलाचं वाटतं.

नायक गोळ्या मोजून झाडायचे, हा एक मुद्दा मी निम्मा मान्य करतो. ‘डर्टी हॅरी’ने खरंच मोजल्या. सहा झाल्या की पाच, या एका प्रश्नावर सिनेमाचा आरंभ आणि शेवट दोन्ही तोललेले आहेत. पहिल्या वेळी चक्र रिकामं निघतं, शेवटच्या वेळी नाही. पण हा एका सिनेमाचा गुण आहे, जमान्याचा नव्हे. त्याच काळातल्या ढीगभर सिनेमांत सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून दहा-बारा बार निघालेले कुणीही कागद-पेन्सिल घेऊन मोजू शकतो.

आता तो शेवटचा मुद्दा. ‘सेटवर कुणाला ओरखडा उमटला नाही.’

१२ ऑक्टोबर १९८४. जॉन-एरिक हेक्सम, वय २६, एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेचा नायक. चित्रीकरणाला उशीर होत होता. हातात .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर होतं, हॅरीच्याच जातीचं, आत ब्लँक, म्हणजे दारू असलेलं पण गोळी नसलेलं काडतूस. त्याने ते थट्टेत कानशिलाला लावून चाप ओढला. गोळी नव्हती, पण वायूचा लोट होता. त्या दाबाने कवटीचा तुकडा मेंदूत घुसला. सहा दिवसांनी तो गेला. ब्लँक म्हणजे खोटं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

३१ मार्च १९९३, नॉर्थ कॅरोलायनातलं विल्मिंग्टन. ‘द क्रो’चं चित्रीकरण. ब्रँडन ली, ब्रूस लीचा मुलगा, वय २८. पुन्हा .४४ मॅग्नम. जवळून दिसण्यासाठी चक्रात डमी काडतुसं हवी होती: समोर गोळी दिसणारी, आत दारू नसलेली. खऱ्या काडतुसांतली दारू काढून ती सेटवरच तयार केली, पण बुडाची ठिणगी देणारी टोपी शिल्लक राहिली. कधीतरी चाप ओढला गेला, त्या टोपीच्या एवढ्याशा जोराने गोळी नळीत सरकली आणि मधेच अडकून बसली. कुणी पाहिलं नाही. पुढच्या प्रसंगासाठी त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरलं. ब्लँकमध्ये पूर्ण दारू असते. पुढे गोळी होतीच.

आणि ज्यांना वाटतं हे जुनं झालं, त्यांच्यासाठी २१ ऑक्टोबर २०२१, न्यू मेक्सिको, ‘रस्ट’ या सिनेमाचं चित्रीकरण. तालमीच्या वेळी रिव्हॉल्व्हरमध्ये चक्क जिवंत काडतूस निघालं आणि छायाचित्रकार हलायना हचिन्स, वय ४२, मारल्या गेल्या. दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाले.

त्यानंतर काही निर्मात्यांनी खऱ्या बंदुका सेटवर आणायच्याच नाहीत असं जाहीर केलं. ड्वेन जॉन्सन त्यांतले एक. रबराची किंवा हवेची प्रतिकृती वापरायची आणि नळीच्या तोंडावरचा जाळ नंतर कॉम्प्युटरवर रंगवायचा. ज्या रंगवलेल्या जाळाला हा मजकूर ‘नकली’ म्हणून हिणवतो, तो हाच. मला तो थोडा सपाट दिसतो, खऱ्या ब्लँकचा धूर आणि नटाच्या पापण्यांची नकळत होणारी उघडझाप त्यात नसते, हे मी कबूल करतो. पण तो जाळ नकली आहे म्हणून कॅमेऱ्यामागे उभी असलेली बाई संध्याकाळी घरी जाते.

आणि शिस्त म्हणाल, तर ती जमान्याने येत नाही, रोजच्या हाताला लावावी लागते. ब्रँडन लीच्या आधी त्या रिव्हॉल्व्हरच्या नळीत कुणी आमच्या रेंजवरची ती नारिंगी तार घातली असती, तर ती अर्ध्यावर अडकली असती.